गुडघ्याएवढी लाट

मी समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळं समुद्राबद्दलच आहे. आमच्या तांड्याहून समुद्र गाठायला अख्खा दिवस आणि वर अख्खी रात्र लागते, आणि आमच्यातले जे तिकडं जातात ते पाहायला जात नाहीत, दगड वाहायला जातात.

मी चित्रकारही नाही. संघटनेत पत्रकं लिहिते आणि भिंती रंगवते. दारव्हा तालुक्यातल्या बऱ्याच भिंतींवर माझी अक्षरं आहेत. आधी काळी रेघ, मग आत लाल भरायचा, रस्त्यावरच्या जीपमधून वाचता आलं पाहिजे. वर उगारलेली मूठ मी डोळे मिटून काढू शकते. बारीकसारीक छटांशी माझा संबंध नव्हता. ज्याला छटा दिसतात तो बाजू घेत नाही, असं माझं मत होतं, आणि ते मी सभेत बोलूनही दाखवलेलं आहे.

तरी मी एक समुद्र रंगवला. तीन बाय चार फुटांच्या हार्डबोर्डवर, ॲक्रिलिकमध्ये, दोनदा. ते माझ्या काकासाठी.

काका म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. दरवर्षी दिवाळी झाली की तांड्यातली टोळी कामाला बाहेर पडते. काका, आणखी चार जण आणि मुकादम. मुकादमही आमच्याच तांड्यातला. कामं तोच आणतो, माणसं तोच निवडतो, ठेकेदाराशी तोच बोलतो. त्या वर्षी काम कोकणात होतं. समुद्राच्या काठाला दगडांचा बांध घालायचा. डंपर मोठे दगड टाकून जायचा आणि टोळीने मधल्या फटी लहान दगडांनी बुजवायच्या.

जानेवारीत काकाला जीपमध्ये आडवं घालून घरी आणलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून आत सळई घातली होती. त्याच्या आधी दोन दिवस मुकादमाचा फोन आला होता. फोन काकीने घेतला होता. मुकादम म्हणाला, "पिऊन पडला."

हे दोन शब्द मांडीपेक्षा जास्त लागले. त्याच्या दोन वर्षं आधी, होळीच्या सकाळी, काकाने तांड्याच्या मंदिरासमोर दारू सोडली होती. नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, आणि सगळ्या बायामाणसांसमोर. काकीच्या हातावर हात ठेवून. आमच्यात अशी शपथ मोडली तर कोणी दंड करत नाही. फक्त त्या माणसाचं बोलणं त्यानंतर कोणी धरत नाही. तो म्हणाला पाऊस पडतोय, तर लोक बाहेर हात काढून बघतात.

काका म्हणत होता, मी प्यायलो नव्हतो. खडकावर जेवत बसलो होतो, पाणी आलं, पाय ओढले, दोन दगडांच्या फटीत गेलो.

काकी म्हणत होती, "कोरड्या खडकावर बसलेल्या मानसाले पानी कसं ओढन? एवढी वर्षं तलावावर कपडे धुवून राह्यली मी. मले तर कोन्या तलावानं ओढलं नाही."

(घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. इथं मी ते वऱ्हाडीत लिहिते आहे, म्हणजे दारव्ह्यातल्या माणसालाही कळेल.)

काकी भांडत नव्हती. त्याला जेवायला द्यायची, उठवायची, आंघोळ घालायची. पण तो गाढ झोपला की खाली वाकून त्याचा श्वास हुंगायची. मी पाहिलंय. काकाही एकदा जागाच होता. त्याने डोळे उघडले नाहीत.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. ठेकेदाराच्या माणसाने कागदावर 'मद्यपान' एवढा एक शब्द लिहून भरपाईतून हात झटकले होते. एका शब्दात एक माणूस निकालात. मी पत्रक लिहिलं, त्यात तीन ठिकाणी 'खुनी' होतं. मग टोळीतल्या चौघांना फोन लावले. ते अजून तिकडंच कामावर होते. चौघांनी एकच उत्तर दिलं, "आम्ही जेवून राह्यलो होतो. पाह्यलं नाही." पुढच्या वर्षीचं काम मुकादमच देणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी त्यांना भित्रे म्हणाले. त्यांनी फोन ठेवले.

चित्राची गोष्ट काकीनेच काढली. एकदा काका परत तेच सांगत होता, खडक असा होता, पाणी असं आलं. काकी तूर पाखडत होती. ती म्हणाली, "दाखव ना मंग. कुठं हाये तो खडक?"

काकाचा फोन पाण्यात गेला होता. मी माझ्या मोबाइलवर समुद्राचे फोटो शोधून दिले. काका एकेक पाहत गेला.

"हा नाही. हाही नाही. हे तर फिरायले जायची जागा दिसते."

"मग कसा होता?"

"तू भिंतीवर काढते ना? मी सांगतो, तू काढ."

मी दोन दिवसांत काढला. भिंतीचेच रंग, भिंतीचाच हात. निळं आभाळ, काळ्या रेघेने आखलेले खडक, आणि वर, अर्ध्या बोर्डावर, एक लाट. घराएवढी. तिला मी बोटं काढली होती, पंजासारखी. खाली इवलासा माणूस. खरं सांगायचं तर मनात मी तो पत्रकाच्या पहिल्या पानावर छापूनही टाकला होता.

काका बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढी मोठी नव्हती."

"किती होती?"

त्याने बसल्या बसल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, गुडघ्याएवढ्या लाटेने कोणाला राग येणार आहे?"

काकी मागे येऊन उभी राहिली होती. तिने चित्र पाहिलं, आणि तिचा चेहरा पहिल्यापेक्षा घट्ट झाला.

"घराएवढं पानी येताना दिसलं," ती म्हणाली, "अन् मानूस जेवत बसला? मंग तर पिलेलाच होता."

तिचं बरोबर होतं. ठेकेदाराच्या माणसाने एका शब्दात जे केलं होतं, ते मी तीन बाय चार फुटांत केलं होतं. काकाच्या बाजूने. अशा लाटेपुढे शुद्धीतला माणूस बसून राहत नाही. मी पत्रकं लिहायला शिकले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की वाढवून सांगितलेलं ज्याच्यासाठी सांगतो त्याच्याच अंगावर पडू शकतं. राग आला. या वेळी तो कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून बोर्डावर पांढरा हात मारून सगळं पुसून टाकलं.

दारव्ह्यात एक उस्ताद आहेत. पाट्या रंगवायचे. अक्षर काढायला मला त्यांनीच शिकवलं. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम गेलं. त्याच्याही आधी ते फोटो स्टुडिओंचे मागचे पडदे रंगवायचे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी नवराबायकोंचे लग्नानंतरचे फोटो त्यांच्या समुद्रापुढे काढलेले आहेत. नारळाचं झाड, चंद्र आणि एक हंस.

मी बोर्ड घेऊन गेले. त्यांनी पुसलेल्या पांढऱ्याखालची लाट ओळखली आणि हसले.

"मी बी लई समुद्र बनवले, बेटा. पानी एकातबी नव्हतं."

"मला खरा पाहिजे, उस्ताद."

"खरा पाहिजे तर पहिले ही काळी लकीर बंद कर. खडकाले लकीर नसते. एका बाजूनं अंधार असते, एका बाजूनं उजेड. दोघं भेटले का तुले वाटते लकीर हाये."

त्यांनी डब्यातला काळा रंग बाजूला सरकवला. निळा आणि गडद तपकिरी एकत्र घोटून काळा कसा बनवायचा ते दाखवलं. त्यात निळा थोडा जास्त पडला की खडक ओला दिसतो, तपकिरी जास्त पडला की वाळलेला. पांढरा सगळ्यात शेवटी, आणि मागून घेतल्यासारखा थोडाच. पाण्यापासून सुरुवात करायचीच नाही. आधी खडकांचा अंधार भरायचा, मग उजेड. जी जागा उरते तिथं पाणी.

"अन् फेस?"

"फेस पांढरा नसते. मले नको विचारू कसा असते. ज्यानं पाह्यला त्याले विचार."

मी काकाला विचारलं. काका बाजेवर पडून होता. त्याने डोळे मिटले. "तुरीच्या डाळीले पहिला उकळा येते ना? वर जे येते, तसा. पिवळट. अन् त्याच्यात कचरा असते."

दुसरं चित्र असं सुरू झालं. फेब्रुवारी संपत आला होता आणि आमच्याकडे ऊन तापायला लागलं होतं. ॲक्रिलिक ताटलीतच वाळायचा. ब्रश भिजवून कडेपर्यंत नेईतो टोक कडक. मी खिडकीला ओलं पोतं लावलं आणि इस्त्रीवाले मारतात ती पाण्याची बाटली जवळ ठेवली. दर दोन मिनिटांनी रंगांवर फवारा. खडकांसाठी ब्रश नाहीच वापरला. पुट्टी लावायची पत्ती घेतली. रंग जाड घेऊन एकदाच ओढायचा. पत्ती जिथं अडखळते तिथं खडक आपोआप खडबडीत होतो. दुसऱ्यांदा हात फिरवला की तो दगडाचा चिखल होतो. पहिले चार दिवस चिखलच झाला.

ओला दगड कसा दिसतो हे पाहायला मी नाल्यातले सात-आठ काळे दगड आणून अंगणात मांडले. त्यांच्यावर तांब्याने पाणी टाकायचं आणि समोर बसून ते वाळताना पाहायचं. काकी भांडी घेऊन जाताना थांबली.

"दगडं भिजवून काय उगवून राह्यली व?"

"समुद्र."

"बरं. उगवला का मले बोलाव."

दगड वाळताना मला पहिल्यांदा दिसलं की ओल सगळीकडून सारखी जात नाही. उंचवटा आधी फिका पडतो, खळगा शेवटी. खळग्यात बारीक पाणी बराच वेळ टिकतं आणि त्यात आभाळाचा तुकडा असतो. हे माझ्या अंगणात आयुष्यभर होत आलं असणार.

काका रोज तपासायचा. तो भयंकर तपासनीस निघाला. कंपनीतला कोणी साहेब एवढा बारीक नसेल.

"पानी समोरून नाही आलं. इकडून आलं, बाजूनं. आमचं तोंड डब्याकडं होतं."

"आभाळ निळं कायले केलं? चुन्याच्या निवळीसारखं होतं."

"खाली चिकटलेल्या शिंपल्या आहेत, त्या काढ. पाय कापते. त्याच्या वरती काळा पट्टा. त्या पट्ट्याच्या वर आम्ही."

मी पाण्याची कड आमच्या धरणासारखी काढली होती. एक सरळ, शांत रेघ, तिच्या खाली ओलं, वर कोरडं. काका पाहून म्हणाला, "असं नसते तिथं. पानी एका जागी राहतच नाही. आता इथं, घडीभरानं तिथं. तू कुठंबी लकीर काढली तरी खोटीच." मग म्हणाला, "मलेबी हेच नव्हतं समजलं."

सगळ्यात अडचण लाटेची होती. गुडघ्याएवढी लाट चित्रात काहीच दिसत नाही. पाण्याची एक घडी फक्त. मी काकाला विचारलं, ती लागली कशी? त्याने मला अंगणातल्या गोधडीवर उभं राहायला सांगितलं आणि बाजेवरून वाकून गोधडी ओढली. मी सपाट आडवी झाले. काकी धावत आली. काका म्हणाला, "अशी लागली." काकीने माझं कोपर पाहिलं आणि ती हळद आणायला गेली.

ओढ कशी रंगवायची? उस्तादांनाही सांगता येईना. मी आठ-दहा दिवस येणारी लाट काढत आणि खरवडत राहिले. मग ती काढायचंच सोडून दिलं. गेलेली लाट काढली. खडकावरून परत जाणारं पाणी: प्रत्येक फटीतून पिवळट धागे खाली ओघळताहेत, फेसाच्या सगळ्या रेघा एकाच बाजूला, समुद्राकडे, ताणलेल्या, आणि दोन मोठ्या दगडांच्या मधे, जिथं काकाचा पाय गेला, तिथं पाणी वळून आत शिरतंय, काळं. माणूस एकही नाही. आभाळ साधं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल इथं काही झालेलंच नाही. मला ते फार टोचत होतं, पण ते काकाने पास केलं.

शेवटी तो म्हणाला, "ज्या खडकावर बसलो होतो त्याच्या खळग्यांत पांढरं टाक. ठिपके. कडंकडंनं." मी टाकलं. काय आहे म्हणून विचारलं नाही.

होळीला टोळी परत आली. आमच्या तांड्यात होळीला कोणी बाहेर राहत नाही, कुठंही काम असो. दोन दिवस गाणी, नाच, आणि दारू तर असतेच. काका घरातच बसून होता. बाहेरून जाणाऱ्यांनी ओरडून घेतलं, "काका, या ना! का समुद्र पिऊन पोट भरलं?" सगळे हसले. काकी चुलीपुढे होती. तिने लाकूड आत इतकं जोरात सारलं की तवा हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड बाहेर काढला आणि निंबाखाली बाजेला टेकवून उभा केला. हे ठरवून केलेलं होतं, लपवत नाही. माझ्या पिशवीत जबाबाखाली सह्या घ्यायचा कागदही होता. टोळीतले चौघं येतील, मी त्यांना गाठेन, असा बेत होता.

ते आलेच. पण मला गाठायला लागलंच नाही.

पहिला, वयाने सगळ्यात लहान, चहाचा कप घेऊन उभा राहिला. "अरे! हे तर आपलं साइट होय."

दुसरा म्हणाला, "हाव बे. पन हा दगड एवढा उभा नव्हता. झोपलेला होता."

"झोपलेला त्याच्या बाजूचा. हा उभाच होता. मी घमेलं टेकवून ठेवत जाओ त्याले."

"अन् डबे कुठं हाये? डबे नाही काढले?"

"डबे इकडं होते. काकाचा इथं, माह्या इथं. तुह्या वाहून गेलता ना, रडत होता डब्यासाठी."

"रडत नव्हतो बे. स्टीलचा होता तो."

ज्यांनी मला फोनवर सांगितलं होतं की आम्ही काहीच पाहिलं नाही, ते चौघे माझ्या चित्रातल्या चुका काढत होते. एकेकाचं बोट बोर्डाला लागत होतं. मी सह्यांचा कागद काढायला पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. विचारलेल्या प्रश्नाला माणूस घाबरतो. चुकलेल्या चित्राला घाबरत नाही, ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवतच नाही. हे मला कोणत्याही शिबिरात शिकवलं नव्हतं.

काकी पदराला हात पुसत आली. चौघं जरा सरकले. तिने वाकून चित्राच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"हे पांढरं काय हाये?"

"ते काकी, पक्ष्यायनं घान केली होती तिथं," सगळ्यात लहान म्हणाला. "सगळ्या खडकावर असते."

"पक्षी खळग्या पाहून हगते का रे? हे तर सगळं खळग्यातच हाये. कडंकडंनं." तिने बोटाने एका खळग्याची कड फिरवली. "आपल्या हौदाले नाही येत का, पानी आटलं का? खार हाये हा. मीठ हाये हे. म्हणजे पानी तिथं रोज येत होतं. येऊन, वाळून जात होतं."



"पाच मानसं," काकी म्हणाली. "पाच मानसं रोज मिठात बसून जेवले, अन् एकालेबी दिसलं नाही?"

"आम्हाले काय माहीत काकी. खडक कोरडा होता."

"तिथं बसा म्हनून कोनं सांगतलं?"

आता चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसरा, जो तोपर्यंत बोलला नव्हता, त्याने चित्राच्या वरच्या कडेच्याही वर, हवेत बोट नेलं. "तिथं रस्ता हाये. चित्रात नाही आला. मुकादम तिथून ओरडत जाय, रस्त्यावर डंपर येते, खाली बसा म्हने."

"अन् दारू?"

"कोनाची दारू, काकी," तो म्हणाला. "प्यायचं पानीच पुरत नव्हतं तिथं."

एवढ्यात मुकादम स्वतःच आला. गर्दी दिसली की तो येतोच. कोरा सदरा, कालचा गुलाल अजून कानात.

"काय पोरी, सिनेमा लावला का?" मग त्याने चित्र पाहिलं. पाहत राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि त्याला ते कळलं असावं, कारण त्याचा आवाज चढला. "खोटं हाये हे. साफ खोटं. एवढं पानी नसते तिथं."

"मंग किती असते, भाऊ?" काकीने अगदी साधेपणाने विचारलं.

"दिवसभर नसतेच! भरती लागली का तेव्हाच चढते. भरतीचा टाइम रोज सरकते, त्या दिवशी दीड वाजता होती. एरवी खडक कोरडाच राहते. हिनं सगळंच ओलं करून ठेवलं."

सगळ्यात लहान पोरगा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "आम्ही एक वाजता जेवाले बसलो होतो."

त्याने ते आरोप म्हणून म्हटलं नव्हतं. दगड उभा की झोपलेला, तसंच म्हटलं होतं.

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग काकीकडे. काकी म्हणाली, "तुले टाइम माहीत होता."

"भाभी, ते साहेबाच्या मोबाइलवर येते, मले काय..."

"दीडचा टाइम तुले माहीत होता. अन् खाली बसा म्हने."

तो आणखी काही बोलला, ठेकेदार असा आहे, काम टिकवायला असं सांगावं लागतं, तुमच्याच पोटासाठी करतो. मी मधे पडले. मी मोठ्याने बोलले, त्यातलं निम्मं पत्रकातलं होतं. काकीने माझ्याकडे न पाहताच हात वर केला आणि मी गप्प बसले. मुकादम गेला. त्याच्यामागून कोणी गेलं नाही, आणि कोणी अडवलंही नाही.

काका दारात काठीला टेकून उभा होता. काकी त्याच्यापुढे जाऊन थांबली.

"तू पिला नव्हता."

"दोन महिन्यांपासून तेच सांगून राह्यलो."

"सांगून तर राह्यला होता," काकी म्हणाली. "पन पिला असता तरी तेच सांगतलं असतं." आणि मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अकलेचा कांदा! मिठात बसून जेवते!"

काका हसला की रडला ते मला दाराच्या अंधारात दिसलं नाही, आणि मी वाढवून लिहिणार नाही.

चौघांपैकी दोघांनी त्या दिवशी सह्या केल्या. दोघांनी नाही केल्या. सही न केलेले पुढच्या दिवाळीनंतर त्याच मुकादमाबरोबर कामाला गेले, आणि सही केलेल्यांपैकीही एक गेला. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही, पण आता त्यांना भित्रे म्हणत नाही. आमची भरपाईची तक्रार कामगार कार्यालयात आहे. तारखा पडतात. मी जाते. टेबलामागचा माणूस अजूनही 'मद्यपान' या शब्दावर बोट ठेवतो आणि मी दोन सह्यांवर.

चित्र मी काकाकाकीला देऊन टाकायचं ठरवलं होतं. काकाने भिंतीवर खिळाही मारून ठेवला होता. काकीने तो उपटला.

"घरात नको लावू हे."

"काहून काकी? आता तर पटलं ना तुले?"

"पटलं म्हनूनच नको. सकाळी उठून मी त्या फटीत पाहू का?"

म्हणून ते आमच्या संघटनेच्या कार्यालयात आहे, दारव्ह्याला, दारासमोरच्या भिंतीवर. येणारे जाणारे पाहतात. बहुतेकांना आवडतं. कोणी म्हणतं, वा, गोवा का? कोणी मोबाइलवर फोटो घेतं. मी आधी प्रत्येकाला सगळं सांगायची, आता ज्याने विचारलं त्यालाच सांगते.

मागच्या महिन्यात काकी तारखेच्या कामासाठी आली होती. उन्हातून आलेली, दमलेली. मी तिला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. एकच खुर्ची रिकामी होती, चित्रासमोरची. तिने ती उचलली, फिरवली आणि चित्राकडे पाठ करून बसली. मग म्हणाली, "हं. कागद दाखव. कुठं सही करू?"